सुमोच्या पाठीवरचं नाव

"ताई, अख्खी उमर त्या सुमोवर घातली, आन् शेवटी चोर ठरलो!" हिरामण ड्रायव्हर योगिनीताईंना सांगत होता.

चोरी कसली, तर भंगारात निघालेल्या सुमोच्या मागच्या दारावरची नावाची अक्षरं! पण त्यापायी मालक खंडेरावांनी त्याला सकाळीच कामावरून काढलं होतं. रोहितला हसू येत होतं. योगिनीताईंनी मात्र फीचं नाव न काढता चपला घातल्या. नाशकातल्या या खासगी तपासनीस बाईंचा रोहित हा मदतनीस. मनानं सोनं, डोक्यानं जरा सावकाश.

मखमलाबादच्या मळ्यात 'कै. सुमंत माळी फुलभांडार' या पाटीखाली सुमो उभी होती. अक्षरांच्या जागी तेलाचा ओशटपणा, चिकट डिंकात अडकलेला पांढरा दोरा. रंगावर ओरखडा नाही.

"सुमोला हात लावणारा हिरामणच!" खंडेराव गरजले.

"सुमो म्हणजे जपानी पैलवान," त्यांचा मुलगा अमित म्हणाला. "उद्या आपली नवी थार गाडी येतेय. मला काय करायचीयत ती अक्षरं?"

खंडेरावांच्या आई, चंद्रभागाबाई, ओसरीवर झेंडूच्या माळा ओवत होत्या. "लय गुणाची गाडी. ह्यांनीच आणलेली."

"कुठली गाडी, आजी?" ताईंनी विचारलं.

"ती काय, उभी हाय ती."

"नाव काय तिचं?"

"अमित सांगंल की!" आजी चक्क लाजल्या.

रोहित अजून हिरामणचे हातच न्याहाळत होता. ताईंनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"ड्रायव्हरनं अक्षरं पान्यानं उचकटली असती. ही तेल सोडून, मागून दोरा ओढून अलगद सोडवलीत. या घरात दोरा कुणाच्या हातात असतो?"

रोहितनं माळेकडे पाहिलं. "अरेच्चा! पण आजींना ती कशाला?"

"तुम्ही सगळे सुमो, सुमो करता. आजींनी एकदाही म्हटलं नाही. अरे, पैलवान कसला? गाडी बनवणाऱ्या कंपनीतल्या सुमंत मुळगावकर या मोठ्या साहेबांच्या नावा-आडनावाची पहिली इंग्रजी अक्षरं, एसयू आणि एमओ, जोडून ते नाव ठेवलंय. आता वरची पाटी वाचा."

सगळ्यांच्या माना वर गेल्या.

"गाडी आणली तवाच हे म्हणाले, बघ, माझंच नाव हाय पाठीवर," आजी हळूच बोलल्या. "मग नवऱ्याचं नाव मी तोंडानं कसं घ्यायचं?" झेंडूच्या टोपलीतून त्यांनी फडक्यात बांधलेली अक्षरं काढली. "गाडी जाऊ दे. पण ह्यांचं नाव भंगारात घालतो व्हय रे? आन् हिरामणला काढलंस? मला कुणी सांगितलं नाय!"

खंडेरावांचे डोळे भरले. त्यांनी हिरामणचे हात धरले. "चुकलो, दादा. उद्या थारच्या पाठीवर ही अक्षरं तूच लाव."

"थारवर सुमो? लोक हसतील!" अमित ओरडला. "आणि आजी, मग तू थारचंपण नाव घेणार नाहीस?"

"नाय," आजी पदरात हसल्या. "मी आपली 'अहो' म्हणंन."