बत्तीस ठोके

“फाइल एक, आणि ती माझीच असं म्हणणारे दोन,” ईशानी सबनीस म्हणाली. “नोकरीची जागाही एकच.”

कॅनडात, ओटावाच्या कनाटा भागातल्या तिच्या छोट्याशा गेम स्टुडिओत स्वानंद हीटरला खेटून बसला होता. समोर बसलेल्या, खाजगी तपासाचं काम करणाऱ्या उल्का मुजुमदार त्याच्या मावसबहीण. गाडी चालवणं आणि टिपणं घेणं ही त्याची कामं. निष्कर्ष तो कुणी न सांगताच काढायचा.

संगीताच्या नोकरीसाठी ईशानीने एक चाचणी ठेवली होती. ‘कॉपर मोल’ या जुन्या व्हिडिओ गेमची धून एलएमएमएस या मोफत, ओपन-सोर्स सॉफ्टवेअरमध्ये नव्याने बांधून पाठवायची. तिला आवडलेली फाइल नीलकडून सोमवारी आली आणि तीच, एक सूरसुद्धा न बदलता, निधीकडून बुधवारी. दोघं एकाच घरात भाड्याने राहत आणि बेसमेंटमधला एकच कॉम्प्युटर वापरत, तोही एकाच पासवर्डवर.

“आधी आली त्याची,” स्वानंद म्हणाला.

“ती पाठवल्याची तारीख आहे रे, केल्याची नाही.” उल्काताईंनी ईशानीकडे पाहिलं. “ऐकून तुम्हाला काही जाणवलं नाही?”

“मी हा गेम कधी खेळलेच नाही. आमच्याकडे सुट्टीतही गणितं असायची. तो गेमचा मूळ कन्सोल माझ्या पार्टनरचा, शोभेला ठेवलाय.” ईशानीने शेल्फकडे बोट दाखवलं. मग तिचा आवाज उतरला. “निधीचं वर्क परमिट या महिन्यात संपतंय. आज नोकरीचं पत्र मिळालं नाही तर तिला परत जावं लागेल. पण दया आली म्हणून नीलवर अन्याय कसा करू?”

“दया नको. दोघांना एकेक करून आत पाठवा.”

निधी आत आली ती जॅकेटची चेन वर-खाली करत.

“हा गेम कुठे खेळलीस?”

“संगमनेरला. बाबांनी जत्रेतून व्हिडिओ गेम आणला होता. कॅसेटवर लिहिलेले नव्याण्णव गेम, निघाले चार.” ती पहिल्यांदाच हसली. “त्यातला हा एक. धून कानात बसली होती, तशीच बांधली.”

“इथे आल्यावर मूळ गेम ऐकलास?”

“नाही हो. पाठच होती.”

“सुरुवातीचे बत्तीस ठोके गुणगुण. स्वानंद, वेळ लाव. आणि मुख्य आवाज कसा होता गं?”

“भरीव, बांबूत फुंकल्यासारखा. मागची साथ मात्र नाकातली.”

स्वानंदने लिहिलं : पंधरा सेकंद.

नील कॅनडातल्याच ब्रॅम्पटनमध्ये जन्मलेला. तो खुर्चीत ऐसपैस बसला.

“डॅडने गराज सेलमधून ओरिजिनल कन्सोल आणला होता, आंटी. एव्हरी समर तेच.”

“फाइल कशी बनवलीस?”

“मूळ गेममधला म्युझिक डेटा काढला, नोट बाय नोट. टेम्पो, टोन, सगळं सेम टु सेम. आय डिडन्ट चेंज अ थिंग. फक्त क्वालिटी क्लीन केली. फॅन्सना एक बीटसुद्धा हललेला चालत नाही, यू नो.”

“मुख्य आवाज?”

“थिन. नाकातला.”

“गुणगुण.”

त्याने टेबलावर बोटं वाजवत, सफाईने गुणगुणलं. तेरा सेकंद.

तो बाहेर गेल्यावर स्वानंद खूश होता. “झालं की, ताई! नीलला धून पक्की येते. निधीची चाल रेंगाळते. फाइल त्याचीच.”

“फाइल लाव आधी. तीही मोज.”

स्वानंदने मोजलं. पंधरा सेकंद. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा पंधराच.

“दोघांना बोलवा,” उल्काताई म्हणाल्या, “आणि शेल्फवरचा तो कन्सोल सुरू करा.”

खोलीत धून घुमली. घड्याळ तेराला जरा कमी असताना बत्तिसावा ठोका पडला.

“या जुन्या गेममध्ये टीव्हीवर चित्र बदलेल तसं संगीत पुढे सरकतं,” उल्काताई म्हणाल्या. “इथे चित्र सेकंदाला साठदा बदलायचं, भारतात पन्नासदा. जत्रेत मिळणारी नकली यंत्रं भारतातल्या टीव्हीसाठी बनवलेली. म्हणून इथे मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या गतीने वाजणारी धून संगमनेरला सव्वाशेच्या गतीने वाजली. दीडशेचे पाच षष्ठांश. फाइलमध्ये गती किती आहे, ईशानी?”

ईशानीने पाहिलं. “एकशे पंचवीस.”

“आय वाँटेड अ स्लोअर फील,” नील म्हणाला.

“मघाशी काहीच बदललं नव्हतंस. बरं, गती सोडू. अशा कित्येक नकली यंत्रांत आवाजाच्या दोन जोडण्या उलट बसलेल्या असत. पातळ आवाज भरीव व्हायचा आणि भरीव पातळ. हा कन्सोल ऐक. मुख्य आवाज नाकातला, तू सांगितलास तसाच. आता फाइल ऐक. मुख्य आवाज भरीव, साथ नाकातली. मूळ डेटा उतरवणाऱ्याच्या हातून या दोन्ही गोष्टी एकदम कशा होतील? तू ती फाइल कॉपी केलीस, नील. नीट ऐकलीसुद्धा नाहीस. गुणगुणायला सांगितल्यावर स्वतःच्या लहानपणातली धून गुणगुणलास.”

नीलने खिशातला फोन काढला, परत ठेवला. “तिने तो फोल्डर ओपनच ठेवला होता,” तो म्हणाला. त्याने जॅकेट उचललं आणि दार हळूच लावून घेतलं.

निधी अजून कन्सोलकडेच बघत होती. “म्हणजे माझी धून चुकीची होती?”

“यंत्र चुकीचं होतं. तू जे ऐकलंस ते हुबेहूब उतरवलंस,” उल्काताई म्हणाल्या. “असा कान असलेलं माणूस यांना हवंय.”

“ही मूळची केवढी पळते! संगमनेरला इतक्या वेगात मी पहिल्याच खड्ड्यात पडले असते.”

ईशानी हसली नाही. ती पत्र टाइप करत होती. “नाव पासपोर्टवर जसं आहे तसं सांग. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर परमिटचा अर्ज अडकेल.”

निधीने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मग टेबलाला वळसा घालून ती स्क्रीनपाशी गेली आणि पडद्यावर बोट ठेवून आपलं नाव स्वतः वाचून पाहिलं.