माशीचं माहेर

आलुबुखाराच्या त्या बागेच्या फाटकाशी औषधी पाण्याचं एक घमेलं असायचं. बाहेरच्या मातीतून कीड यायला नको म्हणून आत शिरणाऱ्यानं बूट त्यात बुडवायचेच. पाणी इतकं गार, की एकदा एक बेडूक त्यात उतरला आणि स्वेटर मागत बाहेर आला. खोटं वाटत असेल तर बेडकाला विचारा.

त्याच घमेल्यात एक पाय असताना प्रयोगशाळेतून आलेल्या एका पोरीचा तोल गेला, आणि बागवाल्यानं तिचं कोपर धरलं.

“तुम्ही कोण?”

“फळमाशीचं माहेर शोधतेय.”

“सापडलं तर तिला परत धाडता येईल?”

“ते नाही जमत. पण माशीच्या एका पायातल्या जनुकांवरून कळतं, ती कुठल्या कुळातली, कुठून आली.”

“आणि माणसाच्या पायावरून?”

“माणसाचा पाय अजून घमेल्यात आहे… कोपर सोडता?”

डोंगरापलीकडचं खोरं माशीनं पोखरलं होतं. अलीकडे ही एकच बाग, अजून स्वच्छ. खोऱ्यातलं काम आटोपून ती आठवड्यातून एकदा इथले सापळे बघायला यायची. मग दोनदा. सापळे रिकामेच, तरी बघायला तास लागायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, सापळ्यांनाच ठाऊक.

एका धुकट दुपारी ती कुडकुडत आली. ओठ निळे, बुटांवर खोऱ्याचा चिखल. ती घमेल्याकडे वळली, तसा तो म्हणाला, “राहू दे आज. पाणी फार गार आहे.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं… आणि तशीच आत गेली.

पुढच्या मोसमात आलुबुखार आतून सडले.

तिनं प्रयोगशाळेत तपासणी केली. पटेना म्हणून पुन्हा केली. मग बागेत आली.

“खोऱ्यातलंच कूळ आहे. माशी डोंगर ओलांडत नाही. पण तिचे कोश मातीत असतात, आणि तिथली माती इथं…”

“तू आणलीस.”

“माझ्या बुटांनी. अहवालात तसंच लिहिलंय.”

“मग हेही लिही, की धुऊ नको म्हणणारा मी होतो.”

“का म्हणालास?”

“तुझे पाय गारठले होते. आणि — मला तू आवडतेस.”

“आज सांगतोस? उद्या झाडं तोडायची, आणि आज?”

“बाग होती तोवर धीर झाला नाही.”

कीड पसरू नये म्हणून झाडं पडली, जळली. त्याला वाढवणाऱ्या आत्यानं ती स्वतः लावली होती. आत्या धुराकडे पाठ करून बसली, आणि त्या पोरीचं नाव निघालं की उठून आत जायची. पोरगीही यायची थांबली.

हिवाळा सरत आला. एका करड्या, भुरभुरत्या सकाळी ती फाटकाशी उभी राहिली. आत नुसते बुंधे. वाचवायला एक पान नव्हतं. तरी तिनं घमेल्यात पाय ठेवला, आणि दचकली.

पाणी कोमट होतं.

तो बुंध्यांमधून येत होता.

“रोज तापवतोस?”

“छे! तू येशील असं वाटतं, त्याच दिवशी.”

“म्हणजे कधी?”



“म्हणजे… रोज.”