लाल पिरॅमिडमधला दस्तूर

ज्याला खोटं वाटेल त्याने इजिप्तमध्ये आमच्या दहशूरला यावं आणि नगातला तोंडावर विचारावं. घडलं ते घडलं.

गेल्या मार्चमधला सोमवार. ऐन दुपार.

नगातचे वडील बयूमी तीस वर्षं लाल पिरॅमिडचे पहारेकरी. तीन वर्षांपूर्वी ते फाटक उघडंच टाकून आतून पळत सुटले. "आत कुणीतरी बोललं," एवढंच म्हणाले. नोकरी गेली. चहाच्या दुकानात टिंगल सुरू झाली. म्हाताऱ्याने घराबाहेर पडणंच सोडलं.

नगात लग्नांचे फोटो काढायची. त्या सोमवारी शिहाता चहावाला तिला म्हणाला, "काय गं, भित्र्याची लेक! बापाचं भूत पकडून आण की कॅमेऱ्यात!"

झालं! तिचं डोकं फिरलं.

"आणते! चारही भिंतींचे फोटो आणते. मग बघते तुझी जीभ!"

फाटकावर दर्दीर होता, नवा पहारेकरी.

"नगात, आधी दस्तूर म्हण बाई."

आमच्याकडे अंधाऱ्या, बंद जागेत पाऊल टाकताना "दस्तूर" म्हणतात. म्हणजे, येऊ का? आत जे कुणी असतील त्यांना विचारायचं. माणसाच्या दारात विचारलं, तर घरातला म्हणतो, "या." निघतानाही "दस्तूर" म्हणूनच निघतात.

"नाही म्हणणार! माझ्या बापाने तीस वर्षं म्हटलं. काय मिळालं त्यांना?"

कंबरेत वाकून ती खाली उतरली. शेवटच्या दालनात पोचली.

पहिली भिंत... काही नाही.

दुसरी, तिसरी, चौथी... काही नाही.

ती परत फिरली. आणि पाठीमागून...

"दस्तूर..."

हळू. अगदी अदबीने.

दालन रिकामं होतं. तिने आत्ताच पाहिलं होतं. मग ही परवानगी कोण मागतंय? आणि कुठे यायला?

तिच्या ओठांवर "या" आलंच होतं. लहानपणापासूनची सवय! तिने जीभ चावली.

"नाही!" ती ओरडली. "परवानगी नाही! बस तिथेच!"

ती वर आली, तर फाटकावर चहाच्या दुकानातली सगळी मंडळी जमलेली; शिहाताने तिचा कॅमेरा ओढून घेतला. चार कोऱ्या भिंती.

"बघा रे! म्हातारा खोटारडाच!"

नगातने कॅमेरा हिसकावला आणि चारही फोटो पुसून टाकले.

"कॅमेऱ्याला कान नसतात, शिहाता. मला आहेत. माझा बाप खरं बोलला. हिंमत असेल तर तू जा!"

कुणी जागचं हललं नाही.

घरी तिने सगळं सांगितलं. बयूमी ढसाढसा रडले.

"मी भिऊन नव्हतो पळालो, पोरी. तोंडातून 'या' निघालं असतं, म्हणून पळालो."

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा ताठ मानेने चहाला जाऊ लागले.

पण त्या दुसऱ्याच दिवशी, ऐन दुपारी, त्यांच्या दारात...

"दस्तूर..."

नगात आतूनच गरजली, "नाही!"

रोज तेच. रोज "नाही!" घर सोडायला ती तयार नव्हती. दुपारची कामं मात्र तिने बंद केली.

गेल्या गुरुवारी सकाळच्या एका लग्नातून यायला तिला उशीर झाला, दुपार उलटली.

बयूमी खुशीत होते. समोर चहाचे दोन ग्लास. एक रिकामा. दुसरा भरलेला... वाफाळता.

"कोण आलं होतं, बाबा?"

"आलं होतं काय? मी 'या' म्हटलं. बसलेत की."

नगातने दार सताड उघडलं.

"निघा! माझी परवानगी नाही!"

हवा हललीसुद्धा नाही.

आजही ती रोज दुपारी दार उघडं धरून बसते. निघताना कुणी "दस्तूर" म्हटलेलं तिने अजून ऐकलेलं नाही...