एकाच पायाचा डायनासोर

"थांब! पावलांवर पाय देऊ नकोस!" चिंगी ओरडली.

तिचा मामेभाऊ ढब्बू जागीच थबकला. वाळूत परातीएवढी, तीन बोटांची पावलं थेट टेकडीपर्यंत गेली होती! वाळवंटात अजून एक डायनासोर जिवंत आहे, असं मामा छातीठोकपणे सांगायचा. त्यामुळे मामाने पर्यटकांसाठी उभारलेल्या तंबूंत पाहुण्यांची नुसती झुंबड!

म्हातारे वाटाडे आजोबा तेवढे म्हणाले होते, "हे जनावराचं चालणं नव्हे."

"आजोबांना हल्ली दिसत नाही," असं मामाने चारचौघांत म्हणून त्यांना कामावरून घरी बसवलं. सगळे हसले. चिंगीसुद्धा.

"ढब्बू, हा लंगडी घालतोय का रे? आखूड बोट बघ, प्रत्येक पावलात डावीकडेच!"

ढब्बू पोट धरून हसला. चिंगी मात्र मटकन खाली बसली. मधल्या बोटावरचा तडा तिच्या ओळखीचा होता. गेल्या सुट्टीत शाळेच्या प्रदर्शनासाठी डायनासोरचा प्लास्टरचा पाय तिनेच केला होता. दुसरा करायचा कंटाळा आला, म्हणून एकच! आणि प्रदर्शन झाल्यावर तो मामाला भेट दिला होता.

"म्हणजे... आमच्या बाबांनी?" ढब्बूचं हसू मावळलं.

सामानाच्या तंबूत, ताडपत्रीखाली पाय सापडला. बोटांत पहाटेच्या दवाने ओली झालेली वाळू होती.

न्याहारीला मामा भलताच रंगात आला होता. "आज पहाटे पुन्हा येऊन गेला बरं का!"

चिंगीने पाय धाडकन टेबलावर ठेवला. "मामा, हा माझा आहे."

"अगं, गंमत केली जरा..." मामाचा चेहरा पडला.

"मग आजोबांना घरी का बसवलंस?"

"शाबास पोरी!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चिंगीला त्या टाळ्या नकोशा झाल्या.

आजोबा आपल्या घराच्या दारात चप्पल शिवत होते. मामाने खाली मान घालून माफी मागितली, उद्यापासून कामावर या म्हणाला. आजोबांनी चिंगीने सोबत आणलेल्या पायाचं तडा गेलेलं बोट चाचपलं. "मला हे ओळखायला तीन दिवस लागले. पोरीने एका सकाळीत ओळखलं! तेज नजर आहे."

चिंगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आजोबा, त्या दिवशी मीपण हसले होते."

"ठाऊक आहे. सगळ्यांत मोठ्यांदा तूच. मला दिसतं, आणि ऐकूही येतं."

तिचे डोळे भरून आले. आजोबांनी दोरा तोडला.

"उद्या उजाडताच ये. खरी पावलं दाखवतो."