चारची बॅच

सात टाइपरायटर, सात स्टुलं, एक टेबल आणि खिळ्याला टांगलेली एक लाकडी पट्टी. त्या खोलीत एवढंच होतं. कुलूप मी स्वतः लावलं होतं आणि किल्ली माझ्याच खिशात होती. मी विज्ञान शिकलेय, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरीही हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

आणि हो, घडलं ते भरदिवसा.

ती खोली माझ्या आत्याच्या घरातली, तिच्या पलंगाच्या भिंतीपलीकडची. तिथे आत्या आणि आतोबा टायपिंगचा क्लास घ्यायचे. आतोबा टेबलावर पट्टी आपटून ठेका द्यायचे आणि मुलींची बोटं त्यावर चालायची. नियम एकच. एक अक्षर चुकलं की पान पुन्हा पहिल्या ओळीपासून. पान बिनचूक झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

आतोबांना जाऊन सहा वर्षं झाली.

आत्याला स्मृतिभ्रंश आहे. त्यात हृदयाचे ठोके अनियमित झाले. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "या वयात हे दोन्ही एकत्र असलं की मृत्यूचं प्रमाण वाढतं. मनाची तयारी ठेवा."

"प्रमाण शंभर जणांचं असतं, डॉक्टर," मी म्हणाले. "माझी आत्या एकच आहे."

आत्याचे कान शाबूत होते. "मी नाही बसणार कुणाच्या टक्क्यात!" मग माझ्याकडे वळून, "ए दुसऱ्या रांगेतली, पाठ सरळ!"

मी तिची भाची. तिच्या लेखी विद्यार्थिनी.

त्या दिवशी जेवताना ती सहज बोलून गेली, "हे येतात हल्ली चारच्या बॅचला. म्हणाले, पान पूर्ण झालं की बरोबरच निघू."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, एवढी सोबत हवी होती तर आधी कशाला गेलात?"

मी हसले.

चार वाजले. आत्या डोळे मिटून पडली होती. छातीला जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावर ठोके नेहमीसारखेच, वेडेवाकडे.

आणि भिंतीपलीकडून...

टक्.

टक्.

टक्.

आत्याची बोटं चादरीवर चालू लागली. दहाही.

मी पडद्याकडे पाहिलं. ठोके... एकसारखे झाले होते. पट्टीच्या ठेक्यात.

आधी मला आनंदच झाला.

मग पट्टी संथ होऊ लागली. तिच्यामागे ठोकेही.

बहात्तर. साठ. पन्नास.

मी धावले. कुलूप उघडलं. आवाज थांबला नाही. आत कुणीच नव्हतं. सात टाइपरायटर. सात स्टुलं.

खिळा... रिकामा.

टेबलभर धूळ. मधोमध फक्त एक जागा स्वच्छ... पट्टीएवढी लांब.

"आतोबा!" मी ओरडले. "तुमची बॅच संपली! तुम्ही खुशाल जा. ती येणार नाही!"

टक्...

......टक्...

मी परत पळाले. पडद्यावर एक्केचाळीस. आत्या पुटपुटत होती, "शेवटची ओळ..." चेहरा शांत. नको तितका शांत.

तेवढ्यात तिने एक डोळा उघडला. माझ्याकडे पाहून मिचकावला. डावी करंगळी उचलली आणि मुद्दाम भलत्याच जागी आपटली.

चाळीस वर्षं जिची एक चूक कुणाला सापडली नव्हती, ती आत्या.

"अहो, चुकलं हो माझं," ती भिंतीला म्हणाली. "घ्या, पहिल्या ओळीपासून."

पट्टी थांबली. पडद्यावर ठोके पुन्हा वेडेवाकडे पळू लागले.

मग पलीकडे काहीतरी टेबलावर जोरात आदळलं. रागाने आदळावं तसं.

ती पट्टी मला अजून सापडलेली नाही. डॉक्टर म्हणाले, यंत्रात बिघाड असेल. यंत्र बदललं. आवाज रोज येतोच.

मला भीती एकाच गोष्टीची वाटते. आत्या सगळंच विसरत चाललीय. एखाद्या दिवशी चुकायचंही विसरली तर?

म्हणून चारच्या आधी मी तिच्या कानात सांगते, "चुकायचंय हं."

"मला शिकवतेस?" ती डोळे वटारते.

आज बॅच सुटल्यावर मोजलं. ठोके अठ्ठ्याऐंशी. अनियमित.