गव्हातलं कमळ

पनागरजवळच्या एका शेतात कुणीतरी पिकलेला गहू गोलाकार आडवा केला होता. गावाने त्याला जंतर, म्हणजे करणीची आकृती, ठरवलं, आणि ते घालणारी म्हणून शेतावरच्या राखणदारीण नर्मदेकडे बोट दाखवलं. मालक बाबारावांनी होकार दिला की तिला गावाबाहेर काढणार होते. त्याआधी बाबाराव जबलपूरच्या नीलकंठ दाणींना घेऊन आले, एवढी अक्कल त्यांनी दाखवली.

खासगी तपासनीस नीलकंठ मचाणावर चढले. वरून आठ पाकळ्यांचं कमळ दिसत होतं. त्यांचा मदतनीस बंडू खाली अडखळत होता.

"दादा, इथं सारख्या अंतरावर खुंट्यांची भोकं हायेत. पाय मुरगळून राहिला माझा."

झोपडीपाशी नर्मदा हात जोडून उभी होती. "चैत की चौथ को मैं कुंडम में थी, साहब, मायके. दूसरे दिन रंगपंचमी भी वहीं खेली."

"ऐकलं का?" बाबाराव उखडले. निवृत्तीनंतर वर्ध्याहून ते नुकतेच इथे राहायला आले होते. "मी तेव्हा वर्ध्याला गेलो होतो. हे झालं फाल्गुन वद्य चतुर्थीला. चैत्र लागायला पाडवा यायचाय अजून. न उगवलेल्या दिवशी बाई कुंडमला होती म्हणे."

त्यांची बायको विनता जवळच उभी होती. ती काही बोलली नाही.

"ताई, तुम्ही इथल्याच?" नीलकंठांनी तिला विचारलं.

"जन्मच जबलपूरचा. हे शेतही माझ्या वडिलांचं. आता यांच्या नावावर झालं, तर हे ते विकून राहिले."

"गिऱ्हाईक तर जंतर पाहून पळालं," बाबाराव म्हणाले.

नीलकंठ बांधावर टेकले. "बाबाराव, इथली हिंदी मंडळी महिना पौर्णिमेला संपवतात, आपण अमावास्येला. होळी झाली की दुसऱ्या दिवशी त्यांचा चैत. तुमची फाल्गुन वद्य चतुर्थी म्हणजेच त्यांची चैत की चौथ. दुसऱ्या दिवशी रंगपंचमी होती, हेही तिने सांगितलं. नर्मदा खरं बोलली."

"मग केलं कुणी?"

"बंडू अडखळला ती भोकं म्हणजे रांगोळीचे ठिपके. इथल्या बाया पिठाने चौक पूरतात, म्हणजे ठिपके न मांडता सरळ रांगोळी काढतात. आधी ठिपके मांडून मग ते जोडायचे, ही आपल्या मराठी घरची रीत. शेत विकू नये असं वाटणारी मराठी बाई इथे एकच आहे. चैत कधी लागतो हे तिला लहानपणापासून ठाऊक, तरी मघाशी ती गप्प राहिली."

विनताचा चेहरा उतरला. "गिऱ्हाईक पळावं, एवढंच मनात होतं. दोष शेताला लागेल म्हटलं. तिला लागेल असं वाटलं नव्हतं."

"लागला तेव्हा काहून नाही बोललीस?" बाबारावांनी विचारलं.

विनता गावात गेली आणि तिने चारचौघांसमोर हिंदीत सगळं कबूल केलं. लोकांनी माना खाली घातल्या. कुणीतरी नर्मदेला थांब म्हणालं. तिने गाठोडं बांधलं होतं.

"गाँव को तो मालूम नहीं था, दीदी," ती विनताला म्हणाली. "आपको मालूम था."

आणि ती कुंडमच्या रस्त्याला लागली.