कोरड्या रस्त्यावर घसरलेली हरणी

मुलांनो, तुमच्या गाड्या आता जमिनीच्या वीतभर वरून तरंगत जातात. मी दहा वर्षांची होते तेव्हा गाड्यांना चाकं असत आणि चाकांना काळे रबरी टायर. अकोल्याच्या उन्हात तापलेल्या टायरचा वास मला अजून आठवतो. पण आज सांगतेय ती गोष्ट थंडीतली. त्या आठवड्यात आमच्या घरात एक कोडं शिरलं आणि ते सुटेपर्यंत कुणाला घास गोड लागला नाही.

बाबा हिमनद्यांचा अभ्यास करायचे, म्हणून आम्ही अकोला सोडून हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात राहायला गेलो होतो. आईला बाळ होणार होतं. दवाखाना केलांगला, घाटाने तासाभरावर. गुरुवारी सकाळी तिला तिथे दाखल करायचं ठरलं होतं.

मंगळवारी बाबा आणि मी सामान आणायला निघालो. आमच्या गाडीचं नाव हरणी. तिला यंत्रमेंदू होता (गाडी चालवायला मदत करणारा संगणक) आणि ती बोलायची.

"रस्ता कोरडा आहे. बर्फ कुठेही नाही. वेग योग्य आहे," हरणी म्हणाली.

एवढ्यात वळणावर मेंढ्या आडव्या आल्या. बाबांनी ब्रेक दाबला. हरणी थांबलीच नाही. ती घसरत, तिरकी होत गेली आणि दरीकडच्या कठड्याला धडकून उभी राहिली. खाली नदी दिसत होती. आमच्या मागून भाजीचा एक खटारा टेम्पो येत होता. तो मात्र शिस्तीत थांबला.

रस्ता तोच, ऊन तेच, मेंढ्याही त्याच. मग नवी गाडी घसरली आणि खटारा थांबला, असं का?

घरी येऊन बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"मी मंजिरीला या गाडीत बसवणार नाही," ते म्हणाले.

"मग काय टेम्पोत कोबीच्या पोत्यांवर बसून जाऊ?" आई म्हणाली. ती हसली, पण तिचा हात पोटावरच होता. उडती रुग्णवाहिका सोसाट्याच्या वाऱ्यामुळे बंद होती. गुरुवार परवावर आला होता.

बाळंतपणासाठी बाबांच्या आत्या आल्या होत्या. मी त्यांना आत्याआजी म्हणायची. त्यांचा जन्म रबराच्या प्रयोगशाळेत गेला होता. त्या इतका वेळ शांतपणे चहा पीत होत्या.

"निशू, ब्रेक तपासलेस?" त्यांनी बाबांना विचारलं.

"तपासले. एकदम ठीक आहेत."

"आणि टायर कुठले आहेत?"

"तेच, अकोल्याहून आणलेले. नवेकोरे आहेत आत्या!"

"हिवाळी टायर घेतले होतेस ना तू? ते कुठायत?"

बाबा जरा चाचरले. "कोठीत आहेत. चादरीत गुंडाळून ठेवलेत. बर्फ पडला की लावू म्हटलं. एवढी चांगली वस्तू, उगाच कशाला झिजवून राहायची?"

आई म्हणाली, "यांचं असंच आहे. लग्नातला सूट अजून कपाटात आहे. आता यांना होतसुद्धा नाही."

आत्याआजी हसल्या नाहीत. "उल्के, चल बाहेर," त्या मला म्हणाल्या.

अंगणात थंडीने नाक दुखत होतं. त्यांनी मला हरणीच्या टायरमध्ये अंगठ्याचं नख रोवायला सांगितलं. नखच दुखलं, टायरवर साधा वळही उठला नाही. मग आम्ही कोठीत गेलो. तिथेही तेवढीच कडाक्याची थंडी होती. चादर बाजूला करून मी हिवाळी टायरवर नख दाबलं. ते किंचित आत रुतलं!

"आजी, हा मऊ कसा? दोघंही सारखेच गारठलेत की!"

"आता खरा प्रश्न विचारलास. रबर हे बहुवारिक आहे (एकसारख्या छोट्या घटकांच्या लांबच लांब साखळ्यांचा पदार्थ). शिजवलेल्या शेवया गरम असताना कशा एकमेकींवरून सुळसुळ सरकतात? आणि गार झाल्यावर?"

"गोळा होतो. चमचा शिरत नाही."

"साधारण तसंच. थंडी वाढली की या साखळ्यांची हालचाल मंदावते आणि रबर ताठर होतं. अकोल्यासाठी बनवलेलं रबर तिथल्या उन्हात झिजू नये म्हणून मुद्दामच घट्ट केलेलं असतं. पारा सात अंशांच्या आसपास उतरला की ते कडक व्हायला लागतं. इथे तर पाणी गोठतंय."

"पण रस्ता कोरडा होता ना?"

"रस्त्यावर हात फिरवून बघ."

मी फाटकाबाहेर बसून हात फिरवला. डांबर खरखरीत होतं, बारीक खळग्यांनी भरलेलं.

"मऊ रबर या खळग्यांत शिरतं आणि रस्त्याला धरतं. त्यातूनच घर्षण मिळतं (दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकताना होणारा विरोध). कडक रबर नुसतं वरच्या टोकांवर टेकतं. आणि एक टायर रस्त्याला टेकतो किती माहीत आहे? साधारण माझ्या तळहाताएवढा! चार तळहातांनी अख्खी गाडी धरून ठेवायची. ते तळहातच लाकडाचे झाले तर?"

माझ्या डोळ्यांसमोर कठड्याखालची नदी आली.

"हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रणच वेगळं असतं. त्यात सिलिकाही असते (वाळूत सापडणारा पदार्थ). म्हणून ते थंडीतही लवचीक राहतं. तुमच्या मागच्या त्या टेम्पोला असेच टायर असणार. आणि या बारीक चिरा बघ. टायर दाबला की त्यांच्या कडा बर्फाला पकडतात. हे रुंद खोबणींचं नक्षीकाम भुसभुशीत बर्फ धरून ठेवतं, आणि बर्फ बर्फाला चांगला चिकटतो."

"पण हरणी तर म्हणाली की सगळं ठीक आहे."

"तिच्या कॅमेऱ्याला रस्ता दिसतो बाळा, टायरचं रबर नाही."

बुधवारी सकाळी बाबांनी जॅक लावला. पुढची दोन चाकं बदलली आणि हात झटकून उभे राहिले.

"ही दोन बास. मागची दोन पुढच्या वर्षी होतील."

"निशू!" आत्याआजींचा आवाज चढला. "पुढचे पाय धरतील आणि मागचे घसरतील. वळणावर गाडी गर्रकन फिरेल. चारही बदल. आणि हवा इथे थंडीतच तपास, गारठ्यात हवेचा दाब उतरतो."

"लावतो ना बाप्पा, लावतो," म्हणत बाबा पुन्हा खाली बसले.

गुरुवारी आम्ही निघालो. आई मागे, तिच्याजवळ आत्याआजी, पुढे मी. बाबांची नजर रस्त्यावरून हलत नव्हती.

"हळू चालव," आत्याआजी म्हणाल्या. "टायर चांगले आहेत, जादूचे नाहीत. नुसत्या बर्फाच्या काचेवर तेही घसरतात."

एका वळणापलीकडे डोंगराच्या सावलीत रस्ता पांढुरका दिसला. दंव गोठलं होतं. आणि तिथेच एक ट्रक बंद पडून आडवा उभा होता. बाबांनी ब्रेक दाबला. मी डोळे मिटले. खालून खरखर असा आवाज आला, गाडी जराशी थरथरली आणि मग सगळं शांत झालं.

"थांबलो?" आईने विचारलं.

मी डोळे उघडले. ट्रक अजून बराच पुढे होता. मध्ये आणखी एक गाडी मावली असती.

"थांबलो," बाबा म्हणाले आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवून त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरची काच धुरकट झाली. आम्ही सगळे हसलो. कारण काहीच नव्हतं, तरी खूप वेळ हसत राहिलो.

त्याच संध्याकाळी माझा भाऊ जन्मला. दवाखान्याच्या बाकावर मी आत्याआजींना टेकून बसले होते.

"आजी, मग उन्हाळ्यात हेच टायर ठेवायचे?"

"नाही. तापल्या रस्त्यावर मऊ रबर भराभर झिजतं, आणि ब्रेकही तेवढा नीट लागत नाही. वसंतात पुन्हा बदलायचे."

"असं एकच रबर नाही का होणार? थंडीत आपोआप मऊ आणि उन्हात आपोआप घट्ट?"

आत्याआजींनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"आम्ही पुष्कळ वर्षं खटपट केली. थोडं जमलं, थोडं राहिलं. राहिलेलं कुणीतरी करील."

तेवढ्यात बाबा बाळाला घेऊन बाहेर आले. खिडकीबाहेर त्या हिवाळ्यातला पहिला बर्फ भुरभुरत होता. बाबांनी बाळाला काचेजवळ नेलं आणि हळूच म्हणाले, "बघ, बर्फ! पडू दे किती पडायचा तो. आपण घरी जाऊ."